तिसरं कडवं

"वेळ कमीय, तिसरं सोडून डायरेक्ट चौथं घेऊ," असं पेटीवरचा पोरगा माईकात म्हणला आणि मंडळीनं घेतलं पण. कुणाच्या तोंडावर काहीच नाही. ख्रिस्ती सभा, गीत माझंच रचलेलं, आणि मी पाहुणा म्हणून पुढच्या रांगेत, अंगावर शाल, टाळ्या वाजवायलो. एसटीनं अंबड सोडलं तरी तेच डोक्यात.

कडवी गाळतात हे काय मला नवीन नाही. ना. वा. टिळकांची गाळतात, सांगळ्यांची गाळतात, एवढ्या मोठ्या ख्रिस्ती गीतकारांची, तर मी कोण. पण नेमकं तेच का? पहिलं दुसरं सगळ्यांचं असतं तसंच आहे, दया, कृपा, क्रूस, यमक जुळलं की झालं. चौथं तर आमेनवर उतरायची सोय आहे नुसती. तिसरं मात्र 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला लिहिलेलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं तेव्हा, त्याच्या आधी टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात 144 कलम लावलेलं. सभेला म्हणून गेलतो आणि बघतो तर बाया घागरी घेऊन रांगेत, त्यांना मी काय संदेश देणार? म्हणून मग बायबलातली विहिरीवरची शोमरोनी बाई घेतली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली. योहानाच्या शुभवर्तमानात ती घागर तिथंच टाकून गावाकडं जाती. लातूरात त्या साली कोण घागर टाकून गेलं असतं? एवढंच त्या कडव्यात होतं. आणि तेच सोडलं.

एवढी वर्षं फिरायलो, पोरीच्या बारावीला घरी नव्हतो, ते जाऊ द्या.

मग फिलिप ब्लिस आठवत बसलो. अमेरिकेतला, आमच्यासारखाच गावोगाव सभा करत फिरणारा आणि गाणी रचणारा. 1876 च्या डिसेंबरात ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युलाला पूल कोसळून रेल्वे खाली गेली, तो आणि त्याची बायको दोघंही त्यात गेले, वय 38. त्याची ट्रंक तेवढी शिकागोला पोचली आणि तिच्यात एका नव्या गाण्याचे शब्द निघाले, मॅकग्रानाहन म्हणून एका संगीतकारानं चाल लावली, लोक अजून म्हणतात. माझी बॅग उद्या कुठं राहिली तर त्यात काय निघंल? बायबल, बीपीच्या गोळ्या, हिनं दिलेला चिवडा, परतूरच्या सभेचं पत्रक. वही पण निघंल म्हणा, पण तिला कोण चाल लावत बसतंय. जिवंतपणीच वेळ कमी पडायलाय लोकांना.

असं सगळं स्वतःवर ओतून घेणं चाललेलं, तेवढ्यात मागच्या सीटवरून सभेतल्याच एक मावशी म्हणल्या, "अण्णा, बरं झालं पोरानं ते पाण्याचं सोडलं. आमचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात सडलं अन् तुम्ही अजून पाणीच मागायलेत व्हय?"

मी म्हणलं मावशी, त्यात पाणी नाही मागितलेलं, ती बाई फक्त विहिरीवर...

"मंग मागतंय कोण?"

आता खरं सांगायचं तर योहानात पाणी मागतो तो प्रभूच. "मला प्यायला दे," असं तोच तिला म्हणतो. सांगितलं तसं. मावशीनं जरा विचार केला आणि म्हणल्या, "मंग त्यांला म्हणावं आमच्या रानात या. लागंल तेवढं न्या."

कंडक्टर पण हसला. मी तर जालना येईस्तोवर हसायलो, मधेच परत ते कडवं आठवायचं आणि पोटात तुटल्यावाणी व्हायचं, मग परत मावशी आठवायच्या.

परतूरला पेटीवर तोच पोरगा आहे. वेळ कमीच असणार, म्हणून जे काय सांगायचं ते दुसऱ्यातच घालून टाकावं म्हणतोय. सोयाबीनला यमक सापडंना. जमीन लावून बघितलं, यकीन लावलं, दोन्ही ओढूनताणून वाटायलंय. मावशीचं वाक्य जसंच्या तसं चालीत बसतंय, फक्त पाळकसाहेब म्हणू देतील का, ते विचारावं लागंल.