माझा मणका आणि भावोजींची कंबर

माझ्या कमरेत टायटॅनियमचे चार स्क्रू आणि दोन सळ्या आहेत. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये गादी होती, तिथे आता एक छोटा केज, म्हणजे आधार देणारा पोकळ ठोकळा, बसवलाय. हे स्पायनल फ्यूजन, म्हणजे मणके जोडायचं ऑपरेशन, झाल्यापासून वाड्यावर कुणाची कंबर धरली की तो माणूस आमच्या पडवीत येऊन बसतो. "वहिनी, मलाही तेच करून टाकायचंय." परवा धाकटे भावोजीच एमआरआयची पिशवी घेऊन आले.

माझं दुखणं वेगळं होतं. गोव्यात सावईवेऱ्याला आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, सुपाऱ्या वेचून वर रस्त्याकडे निघाले की दोन्ही पाय जड व्हायचे, पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. वाटेत कठड्यावर जरा बसलं की सगळं शांत, उभं राहून चालायला लागलं की पुन्हा तेच. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, आधी पुढे वाकायला लावून आणि मग मागे झुकायला लावून एक्स-रे काढले. चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता आणि वाकल्यावर आणखी सरकत होता. पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा याच जागी. आत पायांकडे जाणाऱ्या शिरा, म्हणजे मज्जातंतू, चेपत होत्या. व्यायाम, गोळ्या, पाठीतलं इंजेक्शन, सगळं करून झाल्यावरच ऑपरेशनचा विषय निघाला.

शिरा मोकळ्या करायच्या आणि हलणारा मणका खालच्याशी जोडून टाकायचा, एवढंच ते काम. स्क्रू आणि सळ्या काही महिने धरून ठेवतात. खरं जुळतं ते हाड, दोन मणक्यांच्या मध्ये भरलेल्या हाडाच्या तुकड्यांतून, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि आल्बी या दोन सर्जननी स्वतंत्रपणे असे मणके जोडले, तेही क्षयाने पोखरून कोसळणाऱ्या पाठींसाठी.

भावोजी खाणीवर टिपर चालवतात. त्यांच्या रिपोर्टात दोन गाद्या झिजलेल्या, मणके मात्र जागच्या जागी, पायांत ताकद पूर्ण. माझी लेक फिजिओथेरपिस्ट आहे. तिने त्यांना समोर बसवून सांगितलं, "काका, काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी शंभरातल्या ऐंशी जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात." ब्रिटनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 349 रुग्णांवर झालेला अभ्यास 2005 साली छापून आला. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना नेटाने करून घेतलेला व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक अगदी थोडा होता.

भावोजींचा चेहरा उतरला. त्यांचं दुखणं खोटं आहे असं कुणीच म्हणत नव्हतं, रात्री कूस बदलताना ते कण्हतात हे मला ठाऊक आहे. म्हणून मी त्यांना माझ्या जोडलेल्या मणक्याची किंमतही सांगितली. तो आता वाकत नाही, त्याचा भार वरच्या-खालच्या मणक्यांवर येतो, आणि पुढे तेही कुरकुरू शकतात. सुरुवातीला अंथरुणातून उठताना अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, कंबर पिळायची नाही. जमिनीवर बसून नारळ खवणं बंदच, ओट्यावरची खवणी आणली. त्या वर्षी चवथीला गणपतीच्या डोक्यावरची फळांची माटोळी जावेने बांधली, मी खुर्चीवर बसून फळं तिच्या हातात देत होते. आज कुळागरातून रस्त्यापर्यंत न थांबता येते, म्हणून मला ती किंमत मान्य आहे.

भावोजींनी व्यायाम सुरू केलाय. सिगारेट सोडायलाही लेकीनेच लावलं, निकोटिनने गाद्यांचं पोषण कमी होतं, आणि उद्या खरंच फ्यूजनची वेळ आली तर हाडही नीट जुळत नाही. फक्त काही खुणा तिने त्यांच्याकडून पाठ करून घेतल्या: पाऊल उचलता येईनासं झालं, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी बांबोळी. मानेचं दुखणं असेल आणि शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, चालताना तोल जायला लागला, तर तिथेही व्यायामावर दिवस काढायचे नाहीत, सर्जनला दाखवायचं.