टेंडर नाही, मग लगाम कोणाच्या हातात?

“म्हणजे टेंडर न काढता सरकारी पैसा वाटतात?” माझं काम काय ते ऐकलं की पुण्या-नाशिकचे नातेवाईक असोत, त्यांचे मित्र असोत किंवा एखाद्या लग्नात भेटलेले निवृत्त सरकारी अधिकारी असोत, सगळे हेच विचारतात. मी अमेरिकेत लहान कंपन्यांच्या वतीनं संरक्षण खात्याशी करार ठरवते. यातले बरेच करार नेहमीच्या साच्यातलं कंत्राटही नसतात आणि अनुदानही नसतात. कायद्यात त्यांना ‘अदर ट्रान्झॅक्शन’ म्हणतात, आम्ही बोलताना नुसतं ‘ओटी’. प्रश्नामागचा संशय मला रास्त वाटतो. टेंडर टाळून दिलेल्या पैशाचं काय होतं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्पर्धा इथेही असते, शक्य तिथे ती घ्यावी असं कायदाच सांगतो. लागू होत नाही ती सरकारी खरेदीची जाडजूड नियमावली. ही वाट 1958 च्या नासा कायद्यातून निघाली. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानं अमेरिकेची झोप उडवली होती आणि अवकाश संशोधनाला नेहमीच्या खरेदीचे नियम पुरणार नाहीत, हे उघड होतं. 1989 मध्ये डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेला असाच अधिकार मिळाला, 1993 मध्ये शस्त्रप्रणालींचे नमुने बनवून घेण्यासाठी तो वाढवला गेला आणि 2015 च्या कायद्यानं कायमचा झाला.

याची गरज का पडते, ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. वैद्यकीय यंत्रांसाठी सेन्सर बनवणारी एखादी पन्नास माणसांची कंपनी घ्या. लष्कराला तो सेन्सर हवा असतो. पण नेहमीचं कंत्राट घ्यायचं तर सरकारला मान्य होईल अशी हिशेबपद्धत उभारायला हवी, तासातासाची नोंद ठेवायला हवी, आणि त्या पैशातून लागलेल्या शोधावर सरकारला ठरावीक हक्क द्यायला हवेत. कंपनीचा मालक हात जोडतो आणि म्हणतो, नको, माझं रुग्णालयांचं काम बरं चाललंय. ओटीमध्ये यातल्या प्रत्येक मुद्द्यावर समोरासमोर बसून बोलता येतं. मात्र नमुन्याच्या करारात अट असते. संरक्षण खात्याशी फारसा व्यवहार न केलेली कंपनी कामात ठळकपणे हवी, किंवा सहभागी सगळ्या लहान कंपन्या हव्यात, नाहीतर एकतृतीयांश खर्च खासगी बाजूनं उचलायला हवा. एखाद्या अपवादाला वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते.

पैसाही बहुतेक वेळा टप्प्याटप्प्यानं सुटतो. फ्लॅट घेताना प्लिंथ झाली की हप्ता, स्लॅब पडला की हप्ता, तसंच. नासाचं उदाहरण मला फार आवडतं. 2006 मध्ये अवकाश स्थानकापर्यंत माल नेण्याची यंत्रणा उभारण्यासाठी त्यांनी दोन कंपन्यांशी असे करार केले. स्पेसएक्सला सुमारे 27.8 कोटी डॉलर कबूल केले, रॉकेटप्लेन किसलर या कंपनीला सुमारे 20.7 कोटी. किसलरला स्वतःच्या वाट्याचं भांडवल उभं करता आलं नाही. टप्पे चुकले आणि 2007 मध्ये नासानं करार संपवला. तोवर तिच्याकडे सव्वातीन कोटींच्या आसपासच रक्कम गेली होती. उरलेल्या पैशातून 2008 मध्ये ऑर्बिटल सायन्सेस आली. झालेला खर्च भरून देणाऱ्या नेहमीच्या कंत्राटात बुडणारं काम इतक्या स्वस्तात थांबवणं मोठं कठीण असतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी कधी लपवत नाही. 2003 मध्ये अमेरिकन लष्करानं ‘फ्यूचर कॉम्बॅट सिस्टिम्स’ हा अवाढव्य प्रकल्प ओटीखाली बोइंगकडे सोपवला. करार हजार कोटी डॉलरांच्या पुढचा. बोइंग म्हणजे काही नवखी, बिचकणारी कंपनी नव्हे. सिनेटर जॉन मॅकेन यांनी आवाज उठवल्यावर 2005 मध्ये लष्करानं तो नेहमीच्या कंत्राटात बदलायचं ठरवलं. 2009 मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. मॅकेन यांचं म्हणणं मला पटतं. नवख्यांसाठी उघडलेल्या दारातून हत्ती आत घ्यायचा नसतो.

कोविडमध्ये तेच दार आणखी मोठं झालं. जुलै 2020 मध्ये फायझरशी 10 कोटी डोससाठी 195 कोटी डॉलरचा आणि नोव्हाव्हॅक्सशी 160 कोटी डॉलरचा करार झाला, दोन्ही ओटीखाली, आणि दोन्ही साउथ कॅरोलिनातल्या एका मध्यस्थ संस्थेमार्फत. नोव्हाव्हॅक्सची लस पुढे आपल्या पुण्यात सीरमनं कोव्होव्हॅक्स या नावानं बनवली. घाई समर्थनीय होती, माणसं मरत होती. पण करारांचे कागद बाहेर यायला माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागले, आणि आले तेव्हा त्यांतले बरेच मजकूर झाकलेले होते. शोधावरच्या हक्कांचं नेहमीचं कलम ओटीला आपोआप लागू होत नाही. फायझरनं लस स्वतःच्या पैशानं विकसित केली होती, तेव्हा तिला ते नको असणं समजू शकतं. पण जनतेनं काय सोडून दिलं, हे जनतेला त्याच आठवड्यात कळायला हवं होतं. व्यापारी गुपितं झाका, हक्कांचं कलम झाकू नका, असं माझं ठाम मत आहे.

मग लगाम कोणाच्या हातात? मुख्यतः करार अधिकाऱ्याच्या. नियमावली बाजूला ठेवली की त्याची समजच नियमावलीचं काम करते. चांगला अधिकारी भेटला तर तो प्रत्येक टप्प्याला मोजता येईल अशी कसोटी लावतो. कच्चा भेटला तर ‘प्रगती समाधानकारक’ एवढ्यावर पैसे सुटतात. अशा लोकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा आणि त्यांच्या बदल्या करार अर्ध्यावर असताना होऊ नयेत.

शिवाय प्रतिस्पर्धी जागे असतात. फेब्रुवारी 2018 मध्ये रीन क्लाउड या संगणकसेवा कंपनीला ओटीखाली 95 कोटी डॉलरपर्यंतचं काम मिळालं. आरडाओरड झाल्यावर ते साडेसहा कोटींवर आणलं गेलं. तरी ओरॅकलनं तक्रार केली आणि मे महिन्याच्या शेवटी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं ती मान्य केली. कारण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नमुना यशस्वी झाला तर नव्या स्पर्धेशिवाय पुढची खरेदी करता येते, पण तशी तरतूद मूळ करारात हवी आणि नमुना पूर्ण झालेला हवा. इथे दोन्ही गोष्टींत खोट निघाली.

भारतात 2018 पासून आयडेक्स ही संरक्षण मंत्रालयाची योजना आहे. नवउद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊन ती सुरू झाली, पुढे मर्यादा वाढल्या. पुण्यातले तरुण उद्योजक मला विचारतात तेव्हा मी त्यांना अनुदानाच्या रकमेबद्दल कमी आणि त्यानंतरच्या खरेदीबद्दल जास्त बोलायला लावते. नमुना चाचणीत उतरला तर किती नग, कोणत्या विभागाकडून, कोणत्या वाटेनं घेतले जातील? माझ्या अमेरिकन ग्राहकांच्या मसुद्यात पुढच्या उत्पादनाची तरतूद नसेल, तर मी त्यांना सही करू नका म्हणून सांगते.