पहिली ५० काडतुसं: गॅरेजातल्या बाकावरच्या नोंदी

फेब्रुवारी

तीन वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातोय आणि दर वेळी माझ्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी, वेचून घरी आणतोय. आता डब्यात .३०८ विंचेस्टर या मापाच्या २३० पुंगळ्या आहेत, सगळ्या माझ्याच रायफलीत उडालेल्या, सगळ्या एकाच कंपनीच्या. मागच्या शनिवारी डबा बाकावर रिकामा केला आणि ठरवलं, या वर्षी त्यांत नवा प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी घालून काडतुसं पुन्हा भरायला शिकायचंच.

आधी कायद्याचं बोलतो, कारण पुण्याहून दोघातिघांनी विचारलंय की हे तिथे करता येईल का. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे या नोंदी तिथे करून बघण्यासाठी नाहीत. मी टेक्सासमध्ये राहतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, धंदा म्हणून विकायचं असेल तर लागतो. आणि आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूकच काय, गोळ्यासुद्धा जवळ बाळगता येत नाहीत. मित्राच्या घरी नुसतं बसून भरू लागतो म्हणणाऱ्यांनीही आधी वकिलाला विचारावं. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी स्वतः रेंजच्या बाहेरच उभा असायचो.

प्रेस, म्हणजे दांडा ओढून पुंगळी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबायचं यंत्र, घेतला आरसीबीएसचा रॉक चकर. एका वेळी एकच डाय, एका ओढीत एकच काम. भरभर भरणारे प्रोग्रेसिव्ह प्रेसही मिळतात, पण शिकणाऱ्याला प्रत्येक पुंगळी प्रत्येक टप्प्यावर हातात यायला हवी असं मला मनापासून वाटतं. पहिल्या दिवशी दांडा खाली ओढला तर अख्खं टेबलच पुढून झुकलं. मग टेबलाचे मागचे पाय भिंतीतल्या लाकडी खांबांना बोल्टने आवळले, वर दीड इंची फळी टाकली. आता प्रेस हलत नाही.

मार्चचा पहिला आठवडा

धुलाई. इथे बरेच जण पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवतात. मी ओला टंबलर (गोल फिरणारं पिंप) घेतला: पाणी, बारीक स्टीलच्या पिना, थेंबभर साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. आपल्याकडे देवाची पितळी भांडी चिंचेने घासतात, त्यातलंच हे, आम्लाने काळपट थर सुटतो. दोन तासांनी झाकण उघडलं तर पाणी शाईसारखं काळं आणि पुंगळ्या दिवाळीच्या समयांसारख्या. त्या काळ्या पाण्यात प्रायमरमधलं शिसं असतं. हातमोजे घालूनच ओतायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही. भुशाची धूळही तितकीच वाईट, तीही घरात उडवू नये.

पितळ चमकवायला अमोनिया असलेलं काहीही वापरू नका. यामागची गोष्ट आपल्याकडचीच आहे. ब्रिटिश फौज हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायची आणि पाऊस सरल्यावर काढली की पुंगळ्यांना चिरा पडलेल्या दिसायच्या. ऋतूबरोबर येणारी म्हणून तिला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण, या दोन्हींनी मिळून धातू चिरतो, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, तेव्हाही आणि आजही.

मार्चचा तिसरा आठवडा

या आठवड्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवीन माणूस इथेच अडकतो.

उडताना पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापाची होते. डायमध्ये दाबून तिला परत मापात आणायचं, त्याच ओढीत जुना प्रायमर टोचून खाली पडतो. त्यासाठी पुंगळीला वंगण लागतं. मी लॅनोलिन आणि अल्कोहोलचं मिश्रण फवारलं आणि अल्कोहोल उडून जायच्या आतच दाबायला घेतलं. अकरावी पुंगळी आत गेली आणि बाहेर येईना. दांडा वर उचलताना ‘कट्’ असा आवाज आला. बघितलं तर शेल होल्डरने (पुंगळीचं बूड धरणाऱ्या पकडीने) बुडाची कड कुरतडून टाकलेली आणि पुंगळी डायमध्येच.

डाय काढून व्हाइसमध्ये धरला, प्रायमर काढायची दांडी जमेल तितकी वर सरकवली, पुंगळीच्या बुडाला ड्रिलने भोक पाडून पाव इंची टॅपने आटे पाडले आणि बोल्ट घालून हळूहळू ओढून काढली. चाळीस मिनिटं गेली. आतून डायला ओरखडा नाही हे टॉर्च मारून दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी घाबरून वंगण भसाभस लावलं, तर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे अरुंद मानेखालच्या उतारावर, खळगे पडले, कारण जादा वंगणाला जायला जागा नसते. आता फवारून पाच मिनिटं थांबतो. बोटांना पुंगळी मेणबत्तीसारखी लागली की तयार, ओली किंवा चिकट लागली की नाही.

त्याहून मोठी चूक मापातून कळली. डायसोबतच्या कागदात लिहिलंय की डाय शेल होल्डरला टेकवा आणि वर थोडा पिळा. मी तसंच केलं. मग व्हर्नियरला कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचा जोड) लावून उडालेल्या आणि दाबलेल्या पुंगळीचा खांदा मोजला, फरक ८ थाऊ, म्हणजे इंचाचे आठ हजारांश. माझ्यासारख्या, दर बाराला हाताने बोल्ट उघडायच्या रायफलीला २ थाऊ पुरतात. जास्त मागे ढकललेला खांदा प्रत्येक बाराला पुढे ताणला जातो आणि ते पितळ येतं बुडाच्या थोडं वरून. चारपाच भरण्यांत तिथे आतून खाच पडते आणि एक दिवस पुंगळीचे चेंबरमध्येच दोन तुकडे होतात. कागदाची क्लिप सरळ करून टोक वाकवा आणि आत भिंतीवरून फिरवा, खाच असेल तर टोक अडखळतं. तीस पुंगळ्या मी आधीच ८ थाऊने दाबल्या होत्या, त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि भरणार नाही.

भोसरीला टूलरूममध्ये तीन वर्षं काढली होती, आमचे फोरमन काका म्हणायचे, “आधी मोज, मग हात लाव.” ते इतक्या वर्षांनी या बाकावर रोज आठवतं.

एप्रिल

लांबी. .३०८ ची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिमी. कापायची ती २.००५ ला. लांब राहिली तर मानेची कड चेंबरच्या टोकाला अडकते, गोळी आवळली जाते आणि दाब भलताच वाढतो. कापली, आतून-बाहेरून बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत धार) काढला. कंटाळवाणं काम, रेडिओ लावून केलं.

प्रायमर हाताच्या यंत्राने बसवतो, चष्मा लावून. इथे प्रेसपेक्षा हात जास्त सांगतो: बसताना एकसारखा विरोध लागतो, मग टेकल्याचं कळतं. बोट फिरवल्यावर प्रायमर बुडाच्या किंचित आत लागला पाहिजे. वर आलेला असेल तर ती पुंगळी बाजूला. हात सैल जाईल तर प्रायमरचा कप्पा ढिला झालाय, ती पुंगळी संपली.

याच महिन्यात कोल्हापूरच्या मावसभावाचा फोन आला. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकल्यापासून त्याच्या मुलाला नेमबाजीचं वेड लागलंय. त्याने विचारलं, स्वप्नीलची गोळीही अशीच भरतात का? नाही. ती .२२ रिमफायर. तिच्यात वेगळा प्रायमर नसतो, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोड्याचा पिन ती कडच चेपतो. एकदा उडाली की संपली. तिथले नेमबाज वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या आपल्या रायफलीत उडवून बघतात आणि जमेल तो लॉट उचलतात. आमच्यासारखी मेहनत, फक्त कारखान्याच्या दारात.

मे

दारू. गॅरेज दुपारी ४० अंशांच्या वर जातं, म्हणून दारूचे डबे घरातल्या कपाटात, मूळ डब्यातच आणि कुलपात. इथल्या अग्निसुरक्षेच्या प्रचलित नियमाप्रमाणे घरात २० पौंडांपर्यंत दारू आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात. माझ्याकडे एक पौंड आणि एक हजार आहेत. बाकावर एका वेळी एकच डबा, हा नियम मी कधी मोडणार नाही. दोन दारू एकमेकींत मिसळल्या तर डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

मी किती ग्रेन (दारूच्या वजनाचं माप) टाकले ते इथे लिहीत नाही, कृपया विचारूही नका. प्रत्येक रायफलीचं चेंबर वेगळं, पुंगळीची आतली जागा वेगळी. छापील मॅन्युअल घ्या, तुमची गोळी आणि तुमची दारू त्यात शोधा आणि सगळ्यात खालच्या आकड्यापासून चढा.

तराजू जुन्या पद्धतीचा, दांडीचा. पहिल्या संध्याकाळी दर वजन वेगळं येत होतं. बंद-चालू, बंद-चालू करून कारण सापडलं, वरचा पंखा. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आणि आपण त्याच्या दहाव्या भागाची गोष्ट करतोय. पंखा बंद, एसीची जाळी पुठ्ठ्याने झाकली, दर दहा मापांनंतर प्रमाणित वजन ठेवून तपासलं. शेवटचे दाणे ट्रिकलरमधून (दारू दाण्यादाण्याने सोडणाऱ्या नळीतून) एकेक पडतात तेव्हा दांडी श्वास घेतल्यासारखी वर येते. ते बघताना घरात कोणी हाक मारली तर मी माप परत ओतून नव्याने सुरू करतो.

पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्या आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत वाकून पाहिलं. सगळ्यांत पातळी सारखी. मग १६८ ग्रेनच्या सिएरा मॅचकिंग गोळ्या बसवल्या. दारूच्या चढत्या वजनाच्या पाच पायऱ्या, प्रत्येकी दहा, ठोकळ्यावर चिठ्ठ्या.

जूनचा दुसरा शनिवार

१०० यार्ड, सकाळी साडेआठ, हवा जवळजवळ स्थिर. तुलनेसाठी आधी दुकानातल्या मॅच (स्पर्धेच्या) काडतुसांचे पाच बार: १.३ इंचाचा गट, म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर. मग माझी पहिली पायरी. पहिला बार करताना छातीत धडधडत होतं, बोल्ट उघडून पुंगळी हातात घेतली, प्रायमरची कड अजून गोल, बुडावर काही नाही. दुसऱ्या पायरीचे पाच-पाचचे दोन गट ०.९ आणि १ इंच. तिसरी थोडी पसरली.

चौथ्या पायरीचा पहिलाच बार. बोल्टचा दांडा जड उचलला गेला. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खुंटीचा) चकचकीत गोल ठसा, म्हणजे दाब जास्त. आकडा मॅन्युअलच्या कमाल मर्यादेच्या आत होता, तरीही. शेजारच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ तीस वर्षं भरतात, त्यांना पुंगळी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि म्हणाले, “इथेच थांब.” थांबलो. उरलेली १९ काडतुसं वेगळ्या डब्यात, वर लाल चिठ्ठी.

रविवार

ती १९ काडतुसं हातोडीच्या आकाराच्या पुलरने उघडली. तीनचार ठोक्यांत गोळी सुटते आणि दारू कपात पडते. ही दारू डब्यात परत घातली नाही. प्रायमर बसलेल्या पुंगळ्या ठेवल्या आहेत. उडालेल्या ३१ पुंगळ्यांवर मार्करने ‘दुसरी’ लिहिलं. खर्चाचं म्हणाल तर पुंगळी धरली नाही तर एका काडतुसाला ८० सेंटच्या आसपास पडतात, पण अवजारांचे पैसे वसूल व्हायला अजून बरेच बार लागतील.

पुढची भरणी २० काडतुसांची, सगळी दुसऱ्या पायरीच्या आसपास. मान तापवून मऊ करायची की नाही हे पाचव्या भरणीनंतर बघू. आज रात्री वंगण फवारलंय, पाच मिनिटांनी पहिली पुंगळी डायमध्ये जाईल.