दंड भरण्याआधी चलानावरचा फोटो पाहावा

वडिलांच्या नावावर असलेली जुनी स्कूटर भाच्याच्या नावावर करून देण्यासाठी मागच्या दसऱ्याच्या सुमारास मी कागदपत्रे जुळवत होतो, तेव्हा त्या गाडीवर दोन ई-चलाने थकीत असल्याचे समजले. एक बेळगावातलेच होते आणि दुसरे सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका शहरातले. वडिलांना यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण आरसीशी (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी) जोडलेला मोबाईल नंबर त्यांनी केव्हाच बंद केलेला होता. चलानाचा संदेश त्याच नंबरवर जातो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गाडीशी जोडलेला मोबाईल नंबर परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर अद्ययावत आहे की नाही, हे आधी तपासावे, असे मी आता भेटेल त्याला सांगत असतो.

निपाणी, खानापूर किंवा बेळगावच्या माणसाची गाडी दोन राज्यांत सारखीच फिरते. सकाळी शिनोळीमार्गे चंदगडला जाऊन दुपारी परतणारे किंवा कोगनोळीचा नाका ओलांडून कागल-कोल्हापूर गाठणारे आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. त्यामुळे एकाच ठिकाणी शोधून ‘चलान नाही’ असे दिसले म्हणून निर्धास्त होणे चुकीचे ठरते. परिवहनच्या केंद्रीय ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक टाकून शोधता येते. पण महाराष्ट्रातल्या वाहतूक पोलिसांनी केलेले चलान महाट्रॅफिकच्या स्वतंत्र संकेतस्थळावर पाहावे लागते आणि कर्नाटकातल्या पोलिसांचा दंड कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा जवळच्या वाहतूक पोलीस ठाण्यात विचारून भरता येतो. केए-२२ किंवा केए-२३, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या पासिंगची गाडी असली, तरी ज्या राज्यात नियम मोडला तिथल्याच यंत्रणेकडे दंड भरायचा असतो, एवढे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

नोटीस कन्नडमध्ये आली की आपल्याकडची पुष्कळ वडीलधारी माणसे ती घडी करून कपाटात ठेवून देतात. ते मला फार खटकते, कारण माहितीअभावी चढत जाणाऱ्या थकबाकीचा भार शेवटी त्याच घरावर येतो. नोटिशीतला गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कलम आणि रक्कम एवढ्या पाच गोष्टी शेजारच्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाकडून वाचून घेतल्या, तरी पुढचे काम होते.

आमच्या दोन चलानांपैकी बेळगावचे चलान खरे होते. फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा गोवावेसच्या बाजूने वळणाऱ्या स्कूटरवर मीच होतो आणि हेल्मेट डोक्यावर नसून डाव्या आरशाला अडकवलेले स्पष्ट दिसत होते. कर्नाटकात विनाहेल्मेट दुचाकी चालवल्याचा दंड ५०० रुपये आहे. चूक उघड होती, म्हणून मी त्याच दिवशी कर्नाटक वन केंद्रात पैसे भरून पावती घेतली. कर्नाटक सरकारने थकीत ई-चलानांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर २०२५ या काळात ५० टक्के सवलत दिली होती, त्यामुळे अनेकजण पुढच्या सवलतीची वाट पाहत बसतात. मला ते पटत नाही. सवलत कोणत्या तारखेपर्यंतच्या प्रकरणांना लागू होईल हे सरकार ठरवते, आणि तोवर चलान न्यायालयाकडे गेले तर मार्गच बदलतो.

दुसऱ्या चलानाच्या फोटोत मात्र काळी मोटारसायकल होती आणि आमची स्कूटर राखाडी आहे. पाटीवर चिखल उडालेला असल्याने ३ हा आकडा ८ असा वाचला गेला होता. अशा वेळी ‘थोडेसेच पैसे आहेत, भरून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण पैसे भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे, आणि तोच गुन्हा पुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या काही कलमांत दुसऱ्या वेळचा दंड अधिक आहे. म्हणून मी महाट्रॅफिकवरच्या तक्रारीच्या भागात चलान क्रमांक, आरसीची प्रत आणि आमच्या गाडीचे पुढून व मागून काढलेले फोटो जोडून तक्रार नोंदवली. तक्रारीत तीनच वाक्ये लिहिली: फोटोतले वाहन वेगळ्या प्रकारचे आहे, रंग वेगळा आहे आणि पाटीवरचा अमुक आकडा चुकीचा वाचला गेला आहे. रागाने पानभर लिहिण्यापेक्षा हे वाचणाऱ्याला तपासायला सोपे जाते. काही आठवड्यांनी ते चलान यादीतून गेले.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवावी आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक पुरावा जपून ठेवावा, असे त्यात आहे. त्यामुळे फोटो पाहायला मागणे हा आपला हक्क आहे आणि तो बजावताना संकोच करू नये.

चलान न्यायालयाकडे गेले असेल, तर व्हर्च्युअल कोर्टाच्या, म्हणजे ऑनलाइन न्यायालयाच्या संकेतस्थळावर दंड भरण्याचा आणि आव्हान देण्याचा असे दोन पर्याय दिसतात. आव्हान दिल्यास प्रकरण नियमित न्यायालयात चालते. महाराष्ट्रात थकीत चलाने राष्ट्रीय लोकअदालतीतही तडजोडीसाठी घेतली जातात. मद्यपान करून गाडी चालवणे किंवा अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणे ही प्रकरणे मात्र जागेवर मिटत नाहीत. मुलाच्या बाबतीत पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये.

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी आपली मोटारसायकल चंदगडकडच्या माणसाला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून विकली होती. आरसीवर त्यांचेच नाव राहिल्यामुळे त्या गाडीचे प्रत्येक चलान आजही त्यांच्याच नावे निघते. दुसऱ्या राज्यात गाडी देताना फॉर्म २८ वर आरटीओची ना-हरकत घेणे आणि ४५ दिवसांत विक्री कळवणे हे विकणाऱ्याचेच काम आहे. काकांच्या आरटीओतल्या खेपा मी पाहिल्या आहेत, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे.

व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलान’ म्हणून एपीके (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली, तर ती कधीच उघडू नये. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. रस्त्यात दंड भरला, तरी यंत्रातून निघालेली पावती मागून घ्यावी. अशी पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून मी माझ्या कर्नाटक वनच्या पावतीचाही फोटो काढून आरसीच्या फाईलला जोडला आणि दोन दिवसांनी पोर्टलवर चलानापुढे ‘भरले’ असे दिसल्यावरच भाच्याला आरटीओत पाठवले.