युती तर सगळीकडेच असते, फक्त कुठे दिसते आणि कुठे नाही

निवडणुकीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, अमेरिकेसारखे दोनच पक्ष पाहिजेत, कटकट नाही, नाहीतर मग तीन तिघाडा काम बिघाडा. मलाही बरीच वर्षं हे पटायचं. आता नाही पटत, का ते एकदा लिहून टाकतो.

मुळात पक्ष किती असावेत हे कोणी बसून ठरवलेलं नसतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा साधा उल्लेखही नाही. सगळी गंमत मतं मोजायच्या पद्धतीत आहे. एका मतदारसंघातून एकच जण निवडून येणार आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, मग ती 35 टक्के का असेनात, असा नियम असला की लोक आपोआप विचार करतात की आपला आवडता तर काही येत नाही, मग मत कशाला वाया घालवा, त्यापेक्षा जो नको आहे त्याला पाडू. असं करत करत दोनच उरतात. मॉरिस दुव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1950 च्या दशकात हेच मांडलं होतं.

आणि लोकांची ही भीती खोटी नाही हो. 1992 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रॉस पेरो या तिसऱ्या उमेदवाराला अमेरिकेत जवळपास 19 टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मतं (राज्याराज्यातून मिळणारी, ज्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो ती) किती मिळाली, तर शून्य. 2000 मध्ये फ्लोरिडात बुश 537 मतांनी जिंकले आणि तिथेच राल्फ नेडर या छोट्या पक्षाच्या उमेदवाराने 97 हजारांच्या वर मतं घेतली होती. आपल्याकडे ज्याला 'मतं खाणारा उमेदवार' म्हणतात तो हाच.

पण मग भारतात आणि कॅनडात पद्धत तीच असून इतके पक्ष कसे? कारण लढत मतदारसंघात होते, देशात नाही. एका राज्यात हे दोघं, शेजारच्या राज्यात दुसरेच दोघं, आणि सगळे एकत्र येऊन बसले की संसदेत गर्दी. कॅनडाची 1993 ची निवडणूक तर कमालच होती, फक्त क्युबेक प्रांतात लढणाऱ्या ब्लॉक क्युबेक्वाला देशभरातल्या साडेतेरा टक्के मतांवर 54 जागा मिळाल्या आणि तो अधिकृत विरोधी पक्ष झाला (ज्याला देशातूनच वेगळं व्हायचंय तो पक्ष!), आणि सत्तेत असलेले प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह 16 टक्के मतं घेऊन 2 जागांवर आले. दोन. मतं सगळीकडे थोडी थोडी विखुरली की असं होतं.

आता माझा खरा मुद्दा. दोन पक्षांच्या देशात युती नसते असं आपण समजतो ते चूक आहे. तिथे युती निवडणुकीच्या आधी आणि पक्षाच्या पोटात होते एवढंच. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांचं बहुमत होतं, तरी केव्हिन मॅकार्थींना स्पीकर व्हायला 15 वेळा मतदान घ्यावं लागलं, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच पक्षाच्या 8 जणांनी विरोधकांबरोबर मतदान करून त्यांना खाली खेचलं. हे पाठिंबा काढून घेण्यापेक्षा वेगळं काय आहे सांगा? पाटी एकच होती, आत दोन-तीन पक्ष होते. फक्त त्या 8 जणांचा वेगळा पक्ष नसल्यामुळे, मला हे चालतील पण ते नकोत, असं मतदाराला मुख्य निवडणुकीत सांगायची सोयच नाही. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, सांगता येतं, पण तिथे मतदान करायला येतात किती जण.

उलट बेल्जियम घ्या. 2010 च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला 541 दिवस लागले, डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे पक्षच वेगळे, त्यामुळे जमता जमेना. पण भांडण उघड्यावर होतं, कोण कशावर अडून बसलंय ते रोज कळत होतं. आणि देश काही बंद पडला नाही, काळजीवाहू सरकार चालू होतं, त्याच काळात सहा महिने युरोपियन युनियनच्या परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

इस्रायलबाबत मात्र माझी जरा पंचाईत होते. 2019 ते 2022 मध्ये पाच निवडणुका, हे काही भूषणावह नाही. बारीक बारीक पक्ष फार झाले की चार-पाच जागावालासुद्धा सरकार ओलीस ठेवतो. जर्मनीने वायमारच्या (म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या) वेळचा असला गोंधळ आठवून दोन खुंट्या मारल्या, एक म्हणजे संसदेत जागा मिळवायला साधारण 5 टक्के मतांची अट आणि दुसरी मला फार आवडते, चान्सलरला (तिथला पंतप्रधानच म्हणा) पाडायचं असेल तर पुढचा कोण ते त्याच ठरावात सांगा आणि त्याला बहुमतही मिळवून द्या. त्यामुळे तिथे असा ठराव यशस्वी झाला तो एकदाच, 1982 ला, श्मिट गेले आणि कोल आले. 1999 मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं आणि पुढे कोणालाच सरकार बनवता आलं नाही तेव्हा आपल्याकडे हा नियम असता तर... असो.

सगळ्यात मजेशीर केस न्यूझीलंडची, कारण तिथे लोकांनी दोन्ही पद्धती वापरून बघितल्यात. 1978 आणि 1981, दोन्ही वेळा लेबर पक्षाला जास्त मतं आणि सरकार नॅशनल पक्षाचं. लोक वैतागले, 1993 च्या सार्वमतात पद्धतच बदलली आणि 1996 पासून मतांच्या प्रमाणात जागा. मग 2017 मध्ये एका छोट्या पक्षाचे नेते विन्स्टन पीटर्स 9 जागा घेऊन किंगमेकर झाले आणि 56 जागांच्या नॅशनलला सोडून 46 वाल्या लेबरबरोबर गेले, जेसिंडा आर्डर्न पंतप्रधान झाल्या. यावर कितीतरी जण चिडले असणार. पण 2011 मध्येच लोकांना परत विचारलं होतं, की ही पद्धत ठेवायची का, तेव्हा जवळपास 58 टक्के लोक ठेवा म्हणाले होते, आणि पीटर्स असले खेळ 1996 मध्येही खेळून झालेले होते, म्हणजे सगळं माहीत असूनच.