घारापुरीला गळ घेऊन

शनिवारी सुट्टी, म्हणून शनिवार ठरवला. चूक तिथेच झाली. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचं तर आधी तिथी बघायची, वार नंतर.

मी आणि धाकटा मामा गेटवेहून नऊच्या लाँचने निघालो. तासाभराचा प्रवास. जेट्टीवर उतरलो तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि पाणी उतरत होतं. टॉय ट्रेनच्या रांगेत उभं न राहता धक्क्यावरून चालत निघालो. दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडत होता, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, टणाटण उड्या मारत होत्या. तिथे टोपलीत बोंबील घेऊन बसलेल्या आजींनी मामाच्या हातातला गळ पाहिला आणि विचारलं, "आज तिथी कंची?" दशमी होती. "मंग चिखल गरवनार काय?"

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात, सकाळी आणि रात्रीही. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आत-बाहेर. पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतातच, पण दिवस ठरवायला एवढं पुरतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे आमच्या दिवशी दीड वाजता पाणी सगळ्यात खाली.

मग आधी चालून घेतलं. पायऱ्या सव्वाशेच्या आसपास, दोन्हीकडे दुकानं. मुख्य लेण्यात गर्दी होती, तरी सदाशिवाच्या त्या वीस फुटी मूर्तीसमोर लोक आपोआप हळू बोलतात. हे सगळं एकाच काळ्या पाषाणात कोरलंय. घारापुरी म्हणजे धूर ओकणारा डोंगर नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्यातलाच हा झिजून उरलेला तुकडा. सह्याद्रीचा सख्खा भाऊच. लेण्यांच्या वरच्या टेकडीवर जुन्या तोफा आहेत. बहुतेक लोक लेण्यांतूनच परततात, त्यामुळे वर शांतता मिळते. सावली मात्र बेताची, पाणी खालूनच भरून घ्या.

माकडांबद्दल सगळेच सांगतात, तरी आमची पिशवी गेलीच. आत आमिषाची कोळंबी होती. माकडाने एक हुंगली, तोंड वाकडं केलं आणि पिशवी झाडीत फेकली. मामा काट्यांत शिरून ती घेऊन आला.

तीननंतर पाणी चढू लागलं तसे लोकांच्या जाळ्यांपासून लांब एका खडकावर बसलो. खडकांना कालवं चिकटलेली असतात, अनवाणी पाय फाटतो. ओल्या शेवाळावर चप्पल घसरते, बूटच हवेत. दीड तासात दोन शिंगाळ्या लागल्या, दोन्ही वीतभर. शिंगाळीच्या पंखांतले काटे विषारी असतात, ती फडक्यात धरूनच गरी काढा. आमच्या शिंगाळ्या परत पाण्यात गेल्या.

साडेपाचच्या सुमारास शेवटच्या लाँच सुटतात. उतरल्या उतरल्या वेळ विचारून ठेवा, पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या. सोमवारी लेणी बंद असतात आणि गेटवेहून लाँचही सहसा नसतात, तेव्हा तो दिवस टाळा.

आता कृष्ण तृतीया पाहून जाणार आहोत. भरती सव्वादोनची, म्हणजे बारापासून गळ पाण्यात.