४३ दिवसांची रिकामी टाकी

"धीर धरा" असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं सटकतं. टाकी भरल्यापासून पहिला मासा पाण्यात पडेपर्यंत आमच्याकडे ४३ दिवस गेले. त्यातले जवळजवळ तीन आठवडे मी या दोन शब्दांवर विसंबून फुकट घालवले. सल्ला देणारे मनाने चांगले होते, एकेकाच्या टाक्या तर बघत राहाव्यात अशा. पण "तुमच्या पाण्याचा केएच किती आहे?" (केएच म्हणजे पाण्यातला आम्ल शोषून घेणारा साठा) हा प्रश्न त्यांच्यातल्या एकानेही विचारला नाही. मलाही तो सुचला नाही, हे कबूल करते.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. खडी, दगड, लाकूड जाऊन पाणी साधारण ७५ लिटर. स्टँड, खडी धुणं, झाडं लावणं हे सगळं एका शनिवार-रविवारात उरकलं. त्यात लिहिण्यासारखं एवढंच, की नुसतं पाणीच ७५ किलोचं होतं, तेव्हा जागा पक्की झाल्याशिवाय एक बादलीही ओतू नका. भरलेली टाकी सरकवायचा विचारसुद्धा नको, काचेचे सांधे उघडतात.

मासे लगेच न सोडण्याचं कारण जुनं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने मला "रात्रभर पाणी ठेवा, उद्या मासे सोडा" असं सांगितलं होतं. मी तसंच केलं. आठवड्याभरात सगळ्या गप्पी एकेक करून वर तरंगल्या. पाणी दिसायला आरशासारखं नितळ होतं, म्हणून कुणाला काय विचारावं तेही कळलं नाही. नंतर कळलं की त्या आपल्याच अमोनियात मेल्या. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटत राहतो, आणि नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणूच नसतात. ते वाढायला आठवडे लागतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी. तिसरं बरंचसं निरुपद्रवी, तेही आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. सर्गेई विनोग्रादस्कीने १८९० च्या सुमारास या जिवाणूंचा छडा लावला, तरी दुकानात अजून "रात्रभर पाणी ठेवा" चालूच आहे.

म्हणून यावेळी ठरवलं, मासे न घालता टाकी सायकल करायची, म्हणजे मासे येण्याआधीच हे जिवाणू वाढवायचे. जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून अमोनियम क्लोराइडचं द्रावण आणलं, २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होईल इतकं घातलं, हीटर २७ अंशावर लावला, फिल्टर चालू केला आणि रोज रात्री टेस्ट किट घेऊन बसू लागले. एक सांगून ठेवते, पीपीएम वाढवला म्हणून जिवाणू जास्त येत नाहीत. ५ च्या वर गेलं की उलट तेच गुदमरतात.

पहिले दोन आठवडे अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे गेले. नवव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला, चौदाव्या दिवशी २ पीपीएम एका दिवसात शून्यावर. मी घरभर सांगून मोकळी झाले, आता आठवड्याभरात मासे!

आणि मग ती जांभळी नळी सुरू झाली.

नायट्राइटची चाचणी अशी असते: छोट्या काचनळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात पाच थेंब, बूच लावून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. नायट्राइट नसेल तर रंग आकाशी राहतो. असेल तर जांभळट, मग वांग्यासारखा. माझ्याकडे पाच मिनिटं थांबायची वेळच यायची नाही. थेंब पाण्यात पडताक्षणी तळाशी गडद जांभळा ढग पसरायचा. तक्त्यावरचा शेवटचा रंग ५ पीपीएमचा. माझा त्याहून गडद. पंधरावा दिवस, सोळावा, विसावा, पंचविसावा, तोच रंग. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी विचारायचा, "आई, आज तरी?" सासूबाई येता-जाता टाकीपाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, "झाडं छान आहेत हो." माशांचं नाव त्यांनी मुद्दाम घेतलं नाही, आणि तेच जास्त लागायचं.

जाणकारांना विचारलं. धीर धरा. पाणी बदलू का? अजिबात नको, जिवाणू वाहून जातील. जिवाणूंची बाटली ओतून बघ. ती ओतली, मग दुसरीही ओतली. बाटलीवर ठळक अक्षरांत नायट्रोबॅक्टर लिहिलेलं होतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट खाण्याचं काम मुख्यतः नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात, हे संशोधन १९९८ सालीच छापून आलं आहे. मला ते दुसरी बाटली रिकामी झाल्यावर वाचायला मिळालं.

इथे माझीही एक चूक आहे, सांगायला हवी. मी सुरुवातीपासून जेव्हा जेव्हा अमोनिया शून्यावर येईल तेव्हा पुन्हा २ पीपीएम घालत होते, पहिल्या गटाची उपासमार नको म्हणून. असं सहा वेळा झालं. नंतर एकदा चिडून वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. १ पीपीएम अमोनियाचं साधारण २.७ पीपीएम नायट्राइट होतं. सहा वेळा दोन म्हणजे १२, त्याचं नायट्राइट ३२ च्या आसपास. आणि माझा तक्ता ५ वर संपतो! ३२ चे १५ झाले असते तरी नळी तशीच जांभळी दिसली असती. म्हणजे मी रोज रात्री जे बघत होते त्यात कळण्यासारखं काही नव्हतंच.

त्यावर उपाय सोपा आहे. एक भाग टाकीचं पाणी, नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर, मिसळून चाचणी करायची आणि आलेला आकडा दहाने गुणायचा. बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात होतं. रंग आला २ आणि ५ च्या मधला. म्हणजे तीसच्या आसपास, हिशोब बरोबर. चार दिवसांनी पुन्हा तसंच केलं, तरी तेवढंच. आता मात्र पटलं की काम हळू चाललेलं नाही, बंद पडलंय.

खरा सुगावा दुसरीकडेच होता, मी बघत नव्हते. सहाव्यांदा घातलेला अमोनिया पुरता उतरलाच नव्हता. आधी जो दिवसात फस्त व्हायचा तो शेवटी शेवटी अर्ध्यावर येऊन तिथेच थांबलेला. मी नायट्राइटकडे डोळे लावून बसले होते, म्हणून अमोनियाच्या नळीतला हिरवा रंग दिसत असूनही "जाईल उद्या" म्हणून सोडून दिला. दोन्ही गट एकाच वेळी थांबले, याचा अर्थ अडचण जिवाणूंच्या संख्येत नसून पाण्यात आहे. हे लक्षात आलं तेव्हा चौतिसावा दिवस होता. किटमधली पीएचची बाटली पहिल्या दिवसानंतर उघडलीच नव्हती. पहिल्या दिवशी ७.४ होता. आता नळी पिवळीधमक, ६.०. तक्ता त्याच्या खाली जातच नाही, म्हणजे त्याहून कमीही असेल.

मग केएचची चाचणी. त्यात एकेक थेंब टाकत मोजायचं. निळं पाणी पिवळं व्हायला जितके थेंब लागतील तितके अंश. आमच्या नळाच्या पाण्याला चार थेंब लागले. टाकीच्या पाण्याला एक. तोही पडता पडताच पिवळा झाला.

प्रकार असा आहे. अमोनिया खाताना हे जिवाणू आम्ल सोडतात. पाण्यातले बायकार्बोनेट ते आम्ल शोषून घेतात, म्हणून पीएच टिकून राहतो. केएच म्हणजे त्या बायकार्बोनेटचाच साठा. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात साधारण ७ मिलिग्रॅम साठा संपतो. माझ्या १२ पीपीएम अमोनियाचा हिशोब केला तर बरोबर चार अंश निघतात. नळातून जेवढे आले तेवढे सगळे जिवाणूंनी संपवले. पीएच ६.५ च्या खाली गेला की त्यांचं काम मंदावतं, सहाच्या आसपास जवळपास ठप्प. मी धीर धरून बसले होते, आणि तेही बिचारे तसेच बसले होते. असंच वर्षभर बसलो असतो.

हिशोब जुळल्यावर मला आनंद व्हायच्या आधी राग आला, ते खरं सांगते. "पाणी बदलू नको" हा सल्ला तर अगदी उलटा होता. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजला, सिरॅमिकच्या तुकड्यांना, खडीला चिकटून राहतात. पाणी ओतून टाकलं तरी ते जागच्या जागी असतात. फक्त फिल्टर तासन् तास कोरडा ठेवायचा नाही.

पस्तिसाव्या दिवशी सकाळी पाइप लावून ८० टक्के पाणी काढलं. हीटर आधी बंद केला (पाण्याबाहेर चालू राहिला तर काच तडकते). नवं पाणी क्लोरीन मारणारं औषध घालून, टाकीच्या तापमानाला आणून भरलं. मग खायचा सोडा. १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच साधारण १ अंश वाढतो. मी पाच ग्रॅम घातला, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, कपभर पाण्यात विरघळवून. नुसता खायचा सोडा हवा, बेकिंग पावडर नव्हे. टाकीत मासे असतील तर मात्र असा एकदम धडाका लावायचा नाही. आम्ल पाण्यात अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा बाधत नाही. पीएच झटक्यात वर नेला की तोच विषारी होतो. आधी पाणी बदलून अमोनिया काढायचा, सोडा थोडा थोडा घालायचा. माझी टाकी रिकामी होती म्हणून हे धाडस चाललं.

दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य. मी दोनदा तपासला. नायट्राइट अजून जांभळंच होतं, पण चाळिसाव्या दिवशी रंग उतरून गुलाबी-जांभळा झाला. त्या रात्री मी नळी खिडकीवर तशीच ठेवून दिली, सकाळी सगळ्यांना दाखवायला. (उभ्या राहिलेल्या नळीचा रंग बदलत जातो, तेव्हा तिच्यावर आकडा वाचू नका. मला आकडा नको होता, नुसतं दाखवायचं होतं.) बेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट आकाशी. असा स्वच्छ आकाशी रंग सुरुवातीच्या काही दिवसांनंतर बघितला नव्हता. मुलाला हाक मारली, तर तो म्हणाला, "पण आई, हे तर नुसतं पाणी दिसतंय."

नायट्रेट भरपूर साठलं होतं, ते अर्ध्याहून जास्त पाणी बदलून खाली आणलं. हो, नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा. आतला साका तळाशी बसतो आणि न हलवता चाचणी केली की नायट्रेट नाहीच असं दाखवते. मी एकदा त्यावर खूश होऊन बसले होते.

त्याच संध्याकाळी सहा चेरी बार्ब आणले. सगळे मासे एकदम आणायचे नाहीत, जिवाणूंची संख्या खाणाऱ्या तोंडांबरोबर हळूहळू वाढते. खरं तर मला डेनिसन बार्ब हवा होता, लाल पट्ट्याचा. पश्चिम घाटातल्या नद्यांचा मासा, प्रजातीचं नावच सह्याद्रिया. पण तो पाचेक इंच वाढतो, घोळक्याने सुसाट पोहतो, दोन फुटी टाकीत त्याला डांबणं म्हणजे छळ. मोह आवरला.

आणखी एक आठवलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच पिळा. नळातल्या क्लोरीनने एका मिनिटात ४३ दिवस धुऊन निघतील. आता दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलते आणि अमोनियाच्या आधी केएच बघते. आमचं पाणी मऊ आहे, तो हळूहळू घसरतोच. पण दर आठवड्याच्या नव्या पाण्याबरोबर पुरेसा परत येतो, सोडा पुन्हा घालावा लागलेला नाही.

निऑन टेट्रा नव्या टाकीत तग धरत नाहीत म्हणून ते दोन महिन्यांनी आणले, दहा. आधी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून, पांढरे ठिपके वगैरे काही नाही याची खात्री करून. मुलगा रोज सकाळी दात घासत टाकीसमोर उभा राहून मोजतो. कधी नऊ भरतात, कधी अकरा. नऊ भरले की ब्रश तोंडात तसाच ठेवून मला बोलावतो, आणि मग आम्ही दोघं लाकडामागचा दहावा शोधत बसतो.